जॉन सिल्व्हरचा लोखंडी हात

लाँग जॉन सिल्व्हर आपल्या पोपटाची ओळख छोट्या जिम हॉकिन्सला करून देतो, तो प्रसंग 'ट्रेझर आयलंड'च्या दहाव्या प्रकरणात आहे. पोपटाचं वय म्हणे दोनशेच्या घरात. त्याने मादागास्कर पाहिलंय, मलबार पाहिलंय, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाचे चढले तेव्हा स्वारी तिथं जातीने हजर होती. मराठी वाचक त्या 'गोव्या'वरून बहुधा न अडखळता पुढे जातो. पुढे बंड आहे, खून आहेत, नकाशा आहे. पोपटाच्या बढाया कोण मनावर घेणार?

पण ती घटना खरी आहे. १७२१ च्या जानेवारीत गोव्याचा मावळता व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, 'नोसा सेन्योरा दो काबो' या जहाजातून लिस्बनला निघाला. जहाजात हिऱ्यांचा मोठा साठा होता. वाटेत वादळाने डोलकाठ्या मोडल्या, जहाज हलकं करायला तोफा समुद्रात लोटाव्या लागल्या आणि ते कसंबसं बुर्बों बेटाच्या, म्हणजे आजच्या रेयुनियनच्या किनाऱ्याला दुरुस्तीसाठी लागलं. एप्रिलमध्ये जॉन टेलर आणि ओलिव्हिए लव्हास्यर यांची चाच्यांची जहाजं नेमकी तिथं पोहोचली. काउंट स्वतः तलवार घेऊन डेकवर लढला म्हणतात. तोफाच नसल्यावर तलवारीने काय होणार? समुद्री लुटीच्या इतिहासात एका फटक्यात इतकं घबाड क्वचितच कुणाच्या हाती लागलं असेल.

'कॅप्टन चार्ल्स जॉन्सन' या नावाने १७२४ मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात या लुटीच्या वाटपाचा एक मासला आहे. प्रत्येक खलाशाच्या वाट्याला ४२ छोटे हिरे आले. एकाला मात्र त्यांच्या बदल्यात एकच मोठा हिरा मिळाला. त्याला वाटलं आपल्याला फसवलं. त्याने तो हिरा खलबत्त्यात घालून कुटला आणि मोजून दाखवलं: माझे ४३ झाले, तुमच्यापेक्षा एक जास्त! गोष्ट खरी की रचलेली, सांगता येत नाही, पण खजिन्याच्या नादाला लागलेल्या माणसाचं याहून नेमकं चित्र मी वाचलेलं नाही.

लव्हास्यरला १७३० मध्ये बुर्बोंवर फाशी दिलं. फासावर चढताना त्याने एक सांकेतिक लिपीतला कागद गर्दीत भिरकावला, ही दंतकथा नंतरची. त्या कागदाच्या भरवशावर रेजिनल्ड क्रूझ-विल्किन्स नावाचा इंग्रज १९४९ पासून १९७७ मध्ये मरेपर्यंत सेशेल्समधल्या माहे बेटाचा किनारा खणत राहिला. गोव्याहून निघालेले हिरे काही त्याला मिळाले नाहीत.

जॉन्सनच्या त्याच ग्रंथात आणखी एक माणूस ओझरता येतो. १७२० मध्ये कोमोरो बेटांपाशी मुंबईकडे येणारं 'कॅसांड्रा' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज चाच्यांनी घेतलं. कप्तान जेम्स मॅक्रे शरण आला तेव्हा त्याला मारावं की सोडावं यावर चाच्यांत जुंपली. इतक्यात दांडग्या मिशांचा, लाकडी पायाचा, अंगभर पिस्तुलं खोचलेला एक इसम पुढे आला, मॅक्रेचा हात हातात घेतला आणि दरडावून म्हणाला, याच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही. मॅक्रे सुटला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्या लाकडी पायवाल्याचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने जॉन्सन वाचला होता. बाकीचा अंदाज अभ्यासक बांधत आले आहेत.

(त्याच १७२१ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज हातमिळवणी करून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला विलायतेहून पाठवलेलं कमोडोर मॅथ्यूजचं आरमारच त्या स्वारीत होतं. कंपनीच्या दप्तरात टेलरही 'पायरेट' आणि मराठ्यांचा सरखेलही 'पायरेट'. दप्तर लिहिणाऱ्याच्या हातात काय काय असतं, हे अलिबागकरांना सांगायला नको.)

आता खऱ्या विषयाकडे. वॉल्ट डिस्ने स्टुडिओने २७ नोव्हेंबर २००२ रोजी 'ट्रेझर प्लॅनेट' नावाचा ॲनिमेशनपट प्रदर्शित केला. 'ट्रेझर आयलंड'चीच गोष्ट, पण समुद्राच्या जागी अंतराळ, बेटाच्या जागी ग्रह, आणि सिल्व्हरच्या कुबडीच्या जागी अर्धं अंग यंत्राचं. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर. हाताने चितारलेल्या चित्रपटावर तोवर क्वचितच कुणी इतका पैसा लावला होता. चित्रपट सपशेल पडला. व्यापाराच्या पानांवर त्याची नोंद आजही मोठ्या अपयशांच्या यादीत होते. ती नोंद चुकीची नाही, अपुरी आहे. खजिन्याच्या गोष्टीत खरा जीव कुठे असतो हे या चित्रपटाने अचूक ओळखलं होतं, आणि पडद्यावरचा सगळ्यात अवघड प्रयोग त्याने नेमका त्याच जागी केला होता. ती जागा म्हणजे सिल्व्हर.

त्यासाठी मूळ कादंबरीकडे थोडं वळावं लागेल. १८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव, बाहेर संततधार. घरात कोंडलेला सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसलेला. स्टीव्हन्सनने त्याच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा काढला, खाड्यांना आणि टेकड्यांना नावं दिली, आणि त्या नावांतूनच माणसं वर येऊ लागली. पहिली पंधरा प्रकरणं त्याने रोज एक या गतीने लिहिली. वडील थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे इंजिनियर, भारदस्त गृहस्थ. पण तेही या खेळात सामील झाले आणि बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडावं याची यादी त्यांनी करून दिली. 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ या काळात गोष्ट क्रमशः आली, ती 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या टोपणनावाने. १८८३ मध्ये कॅसेल कंपनीने पुस्तक काढायचं ठरवलं आणि शंभर पौंड देऊ केले. तेवढ्यात मूळ नकाशा टपालात गहाळ झाला. मग लेखकाने स्वतःचंच पुस्तक समोर ठेवून, अंतरं आणि दिशा मोजत, वडिलांच्या कचेरीत नवा नकाशा बनवला. वडिलांनी त्यावर गोष्टीतल्या कप्तान फ्लिंटची खोटी सही ठोकली. स्टीव्हन्सनला तो नकाशा कधीच आपला वाटला नाही.

आपल्याकडच्या गुप्तधनाच्या गोष्टींत नकाशा नसतो. हंडा असतो, त्यावर नाग असतो, आणि तो हंडा ज्याच्या नशिबी असेल त्यालाच दिसतो. फुली मारलेला नकाशा, म्हणजे जो वाचू शकेल त्याचा खजिना, ही कल्पना जगभरच्या पोरांच्या डोक्यात पक्की बसवली ती स्टीव्हन्सनने. खऱ्या चाच्यांनी लूट पुरून ठेवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. मिळेल ते बंदरात उधळायचं, हा त्यांचा खाक्या.

पण नकाशापेक्षाही मोठी करामत म्हणजे सिल्व्हर. स्टीव्हन्सनचा मित्र, कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली, याचा एक पाय हाडाच्या क्षयामुळे कापावा लागला होता. धिप्पाड, गडगडाटी हसणारा, दाढीवाला माणूस. तुझ्या पांगळेपणातल्या त्या दांडग्या जोरातूनच जॉन सिल्व्हर जन्मला, अशी कबुली स्टीव्हन्सनने त्याला पत्रातून दिली. अशा मित्राचे सगळे चांगले गुण काढून घेतले आणि जोर, हिंमत आणि गोडवा तेवढा ठेवला, तर काय उरतं? उरतो तो सिल्व्हर. तो जिमशी बरोबरीच्या माणसासारखा बोलतो, त्याला जहाजातलं शिकवतो, आणि त्याच जिमच्या डोळ्यांदेखत एका प्रामाणिक खलाशाच्या पाठीत कुबडी फेकून मारतो आणि मग सुरी चालवतो. शेवटी चार पैसे घेऊन पळून जातो, आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. मुलांच्या गोष्टीत वाईट माणूस आवडतो, आणि आवडतो म्हणून अपराधी वाटतं, असा अनुभव तोवर मुलांना फारसा कुणी दिला नव्हता.

हेन्लीचा आणखी एक धागा. त्याची एकुलती एक मुलगी मार्गारेट जे. एम. बॅरीला 'फ्रेंडी' म्हणायला जायची आणि बोबड्या बोलात त्याचं भलतंच काही व्हायचं. त्यातून 'वेंडी' हे नाव आलं आणि 'पीटर पॅन'मध्ये गेलं. मार्गारेट १८९४ मध्ये अवघ्या पाच वर्षांची असताना वारली. बॅरीने 'पीटर पॅन'मध्ये असंही लिहून ठेवलं की सिल्व्हर जगात एकालाच भ्यायचा, कप्तान हुकला. हे लक्षात ठेवा. हुक परत येणार आहे.

डिस्नेचं या गोष्टीशी जुनं नातं. वॉल्ट डिस्नेने १९५० मध्ये काढलेला 'ट्रेझर आयलंड' हा स्टुडिओचा पहिला संपूर्ण चित्रीकरणपट, म्हणजे एकही रेखाटन नसलेला. त्यात रॉबर्ट न्यूटनने सिल्व्हरला इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा जो घोगरा हेल दिला, तोच पुढे जगातल्या तमाम विनोदी चाच्यांचा हेल झाला.

रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शक जोडीने 'अंतराळातलं ट्रेझर आयलंड' ही कल्पना १९८५ मध्ये वरिष्ठांपुढे मांडली. डिस्नेत तेव्हा एक रिवाज होता: सगळ्यांनी एका बैठकीत आपापल्या कल्पना चटचट सांगायच्या आणि साहेबांनी तिथल्या तिथे निकाल द्यायचा. त्याच बैठकीत क्लेमेंट्सने 'लिटल मर्मेड'ही सुचवली होती. दोन्ही नाकारल्या गेल्या. जलपरीचं नशीब लगेच उघडलं. अंतराळातल्या जहाजाला सतरा वर्षं थांबावं लागलं. 'लिटल मर्मेड' १९८९ मध्ये आली, 'अलादीन' १९९२ मध्ये. दोन्ही प्रचंड चालले. स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झनबर्गला अंतराळाची कल्पना काही रुचत नव्हती. अखेर आधी 'हर्क्युलिस' करून द्या, मग तुमचं जहाज, असा सौदा ठरला.

इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसांनी काय केलं? त्यांनी अंतराळात हवा भरली. या चित्रपटात अंतराळाला 'ईथेरियम' म्हणतात आणि तिथं श्वास घेता येतो. काचेची शिरस्त्राणं आणि फुगीर पोशाख घातले की डोलकाठीवर उभं राहून केस वाऱ्यावर सोडण्यातली सगळी गंमत जाते, हे त्यांनी ओळखलं. सत्तर टक्के जुनं, तीस टक्के नवं, असा नियमच त्यांनी करून टाकला: लाकडी गलबत, पण शिडं सूर्यप्रकाश शोषणारी, तीनकोनी टोप्या, पण माणसं कुत्र्याच्या, मांजराच्या, कोळ्याच्या तोंडाची. जहाजाचं नाव 'आर.एल.एस. लेगसी', यातली आद्याक्षरं कुणाची हे सांगायला नकोच. रंगांसाठी त्यांनी हॉवर्ड पाइल आणि त्याचा शिष्य एन. सी. वायथ यांची चित्रं डोळ्यांपुढे ठेवली. वायथने १९११ च्या आवृत्तीसाठी केलेली तैलचित्रं आजही 'ट्रेझर आयलंड'ची खरी चित्रं मानली जातात. त्या मिळकतीतून त्याने पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डला जमीन घेतली. चित्रपटभर पसरलेला तो तपकिरी, मधाळ उजेड वायथचा आहे.

'डीप कॅनव्हास' नावाचं तंत्र 'टारझन'साठी बनलं होतं. चित्रकार संगणकात उभ्या केलेल्या घनाकृतींवर कुंचल्याचे फटकारे मारतो, संगणक प्रत्येक फटकारा अवकाशात कुठे आहे ते लक्षात ठेवतो, आणि मग कॅमेरा रंगवलेल्या चित्राच्या आत शिरून वळू शकतो. 'ट्रेझर प्लॅनेट'मध्ये असे पूर्ण सेटच उभारले. चंद्रकोरीच्या आकाराचं बंदर लांबून दिसतं आणि जवळ जाता जाता ती कोर म्हणजे धक्के, क्रेन आणि गर्दी होते, ते याच तंत्राने.

आणि सिल्व्हर. तो ग्लेन कीनकडे होता. एरियल, बीस्ट, टारझन हे सगळे त्याच्याच पेन्सिलीतून आलेले. सिल्व्हरचं मांसाचं अंग कीन कागदावर काढणार, यांत्रिक हात, पाय आणि डोळा एरिक डॅनियल्स संगणकात हलवणार, आणि दोन्ही मिळून एकच माणूस दिसायला हवा. हे जमतं का ते पाहायला त्यांनी १९५३ च्या 'पीटर पॅन'मधला कप्तान हुक काढला, त्याचा जुना चितारलेला हात पुसला आणि तिथं संगणकाचा हात बसवला. सिल्व्हर ज्या एकाला भ्यायचा, त्याच्याच खांद्यावर सिल्व्हरचा हात आधी तपासला गेला. कुणी हे ठरवून केलं असेल असं वाटत नाही.

अडचण काय होती ते समजायला हवं. हाताने काढलेली रेघ श्वास घेते. खांदा उचलताना चित्रकार तो किंचित ताणतो, हसताना पोट फुगवतो. प्रत्येक चित्रात मापं थोडी बदलतात आणि त्यातूनच जिवंतपणा येतो. यंत्राचा हात मात्र मापाला पक्का. जिवंत खांदा आणि ताठ हात यांची सांधेजोड चित्रागणिक जुळवायची, सेकंदाला चोवीस चित्रं. सिल्व्हर पहिल्यांदा दिसतो तो जहाजाच्या स्वयंपाकघरात. बोलता बोलता हाताची सुरी होते, सुरीचा जाळ होतो, कोळंबी चिरली जाते, आणि जिमचं लक्ष हातावर असताना सिल्व्हरचं लक्ष जिमच्या चेहऱ्यावर असतं. या माणसाचा कुठला भाग खरा, हा कादंबरीभर पडणारा प्रश्न इथं काही सेकंदांत डोळ्यांना दिसतो.

कादंबरीत जिमचे वडील सुरुवातीलाच आजाराने वारतात. चित्रपटात ते घर सोडून निघून जातात. चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग इथून येतो. एका गाण्याच्या ओघात सिल्व्हर जिमला भांडी घासायला, दोर बांधायला, होडी हाकायला शिकवतो, आणि मध्ये मध्ये छोटा जिम धक्क्याकडे धावतो आहे आणि जहाज सुटलेलं आहे, असे तुकडे येतात. संवाद जवळजवळ नाहीत. म्हणूनच पुढे फळांच्या पिंपात लपलेला जिम बंडाचा कट ऐकतो तेव्हा आपलाही घात झाल्यासारखं वाटतं. शेवटी ग्रह फुटत असताना सिल्व्हर एका हाताने खजिन्याने भरलेली नौका धरून दुसरा हात जिमकडे पुरवू पाहतो, आणि दोन्ही साधत नाही.

खटकणाऱ्या जागाही आहेत. कादंबरीतल्या बेन गनचा बडबड्या यंत्रमानव केला आहे आणि तो आला की चित्रपटाचा कान दुखू लागतो. उडत्या फळीवर कसरती करणारा जिम २००२ च्या पोरांना आवडावा म्हणून घातला आहे, हे स्पष्ट कळतं. त्याहून मोठी तक्रार अशी की या सिल्व्हरच्या हातून खूनच होत नाही. खुनाचं काम स्क्रूप नावाच्या कोळीतोंड्यावर सोपवून सिल्व्हरला सांभाळून घेतलंय. कुबडी फेकणारा सिल्व्हर आवडणं आणि हा आवडणं यांत बरंच अंतर आहे. उलट, कप्तान अमेलियाबद्दल स्टुडिओला शाबासकी. या गोष्टीत बायका नकोत ही लॉइडची अट होती आणि स्टीव्हन्सनने ती पाळली. एमा थॉम्पसनच्या आवाजातली ही मांजरतोंडी कप्तान ती अट एका वाक्यात उडवून लावते.

मग लोक का गेले नाहीत? बारा दिवस आधी दुसरा हॅरी पॉटर लागला होता, हे एक कारण. दुसरं असं की छोट्यांच्या आईबापांना हे मोठ्या पोरांचं वाटलं आणि मोठ्या पोरांना कार्टून. एकाच वेळी साध्या आणि आयमॅक्स पडद्यांवर झळकणारा मोठ्या स्टुडिओचा पहिला चित्रपट, ही जाहिरातही कामी आली नाही. अमेरिकेत सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर, जगभरात जेमतेम ११ कोटी. डिस्नेने ७ कोटी ४० लाखांची तूट मांडली. त्याच वर्षीचा त्यांचाच, बराच स्वस्त 'लिलो अँड स्टिच' उत्तम चालला होता. ऑस्करला दोघांनाही नामांकन होतं. पुतळा घेऊन गेला मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे'.

चाच्यांचे चित्रपट चालत नाहीत, असा निष्कर्ष काढायला मात्र वाव राहिला नाही. जुलै २००३ मध्ये त्याच डिस्नेचा, जवळपास तेवढ्याच खर्चाचा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आला आणि त्याने ६५ कोटी डॉलर मिळवले. पटकथाकार टेड एलियट आणि टेरी रॉसिओ. 'ट्रेझर प्लॅनेट'च्या कथेतही याच दोघांची नावं आहेत. जॅक स्पॅरो काय आहे? गोड बोलणारा, कधीही उलटणारा, तरी हवाहवासा वाटणारा चाचा. प्रेक्षकांना सिल्व्हर हवा होता. फक्त तो चितारलेला नको होता.

बळी गेला तो पेन्सिलीचा. 'फाइंडिंग निमो'सारखे संगणकी चित्रपट धो धो कमावत होते आणि हिशेब करणाऱ्यांना कारण सापडलं: प्रेक्षक हाताच्या चित्रांना कंटाळले. जानेवारी २००४ मध्ये फ्लोरिडातला स्टुडिओ बंद झाला. त्याच वर्षीच्या 'होम ऑन द रेंज'नंतर डिस्नेने हाताचं काम थांबवलं. पुढे क्लेमेंट्स-मस्करनी २००९ मध्ये 'प्रिन्सेस अँड द फ्रॉग' करून ते परत सुरू करून पाहिलं, पण टिकलं नाही. कीन २०१२ मध्ये डिस्ने सोडून गेला. 'ट्रेझर प्लॅनेट'मधलं डॉ. डॉपलर हे पात्र ज्याने सांभाळलं तो स्पेनचा सर्जिओ पाब्लोस माद्रिदला परतला आणि त्याने २०१९ मध्ये 'क्लाउस' काढला, हाताने चितारलेला, पण उजेड-सावलीसाठी संगणकाची मदत घेणारा.

क्लेमेंट्स आणि मस्कर यांचा पहिला संपूर्ण संगणकी चित्रपट २०१६ चा 'मोआना'. त्यातही समुद्र आहे, घर सोडून निघालेलं पोर आहे, आणि भरवसा ठेवावा की नाही असा एक आडदांड, बढाईखोर सोबती आहे, माउई. माउईचं अंग पूर्ण संगणकाचं. त्याच्या छातीवर मात्र एक गोंदलेला छोटा माउई आहे. तो हलतो, रुसतो, मालकाच्या खोटेपणाला नाक मुरडतो. तो छोटा माउई एरिक गोल्डबर्गने हाताने, पेन्सिलीने काढला आहे. जगभरात ६० कोटी डॉलरहून अधिक कमावलेल्या त्या चित्रपटात, चौदा वर्षांनी, या जोडीने सिल्व्हरचीच सांधेजोड पुन्हा केली. या वेळी यंत्राचा होता देह, आणि हाताची होती फक्त कातडीवरची रेघ.